उचल अंगावर असताना: व्यावसायिक जागांच्या दलालीत नव्याने आलेल्या एका ब्रोकरच्या कमाईचे प्रकरण

ओळख आणि हिशेबाची रीत

हे प्रकरण व्यावसायिक जागांच्या दलालीत नव्याने उतरलेल्या एका स्त्रीच्या पहिल्या छत्तीस महिन्यांचे आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील काढले किंवा बदलले आहेत. तिचा उल्लेख पुढे ‘नवी ब्रोकर’ असा येईल आणि ज्यांच्या हाताखाली ती काम करत होती त्यांचा ‘वरिष्ठ’ असा. ब्रोकरांच्या दलालीची मासिक पत्रके तयार करण्याचे काम त्या काळात माझ्याकडे होते, त्यामुळे इथले आकडे ऐकीव नाहीत, मी स्वतः महिन्यामागून महिने मांडलेले आहेत. त्यात एका ठिकाणी माझीही चूक झाली, तीही सांगेन.

रकमा चलनात दिलेल्या नाहीत. नव्या ब्रोकरच्या घराचा दरमहाचा अगदी किमान खर्च म्हणजे १ एकक असे धरले आहे आणि बाकी प्रत्येक रक्कम त्या मापाने सांगितली आहे. या व्यवसायात नवख्याला किती मिळाले यापेक्षा ते किती महिने पुरले हे अधिक महत्त्वाचे असते, म्हणून हेच माप सोयीचे वाटले.

पार्श्वभूमी

जानेवारी २०२२ मध्ये ती या व्यवसायात आली तेव्हा तिच्यामागे एका मोठ्या कंपनीत कार्यालयीन जागांची व्यवस्था पाहण्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. भाडेकरार कधी संपतो, देखभाल खर्चाच्या कलमात काय दडलेले असते, मालक कुठे नमतो आणि कुठे नमत नाही, हे तिला भाडेकरूच्या बाजूने चांगले ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की ज्या ब्रोकरांशी ती सहा वर्षे बोलत होती त्यांच्या हातात पैसा नेमका केव्हा पडतो. तिच्याकडे बचत होती ८ एकके.

तिच्यापुढे तीन प्रस्ताव आले. पहिला मोठ्या फर्मचा: दरमहा १.२५ एकक पगार, वर्षअखेरीस व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार बोनस, सौद्यांत वाटा नाही. काम बाजारभावांचे विश्लेषण आणि सादरीकरणे तयार करण्याचे, आणि तीन वर्षांनंतर ब्रोकर म्हणून बढतीचा विचार. दुसरा मध्यम आकाराच्या फर्मचा: दरमहा १ एकक उचल, अठरा महिने, दलालीत फर्म आणि ब्रोकर निम्मे-निम्मे, आणि ब्रोकरांच्या निम्म्यातून वरिष्ठांनी आणलेल्या सौद्यात तिला २० टक्के, तिने स्वतः आणलेल्या सौद्यात ५० टक्के (मूळ प्रस्तावात ४५ होते, ५० सही करताना ठरले). तिसरा लहान फर्मचा: उचल नाही, पगार नाही, टेबलाचे भाडे दरमहा ०.२५ एकक, पण आणलेल्या दलालीतले ७० टक्के तिचे.

उचल या शब्दाचे इथे दोन अर्थ होतात, आणि नवख्यांची गल्लत बहुधा याच ठिकाणी होते. एक उचल परत करावी लागत नाही. ती नाव बदललेला पगारच असते. दुसरी पुढे मिळणाऱ्या दलालीतून वळती केली जाते आणि वळती होईपर्यंत ब्रोकरच्या अंगावर कर्जासारखी चढत राहते. दुसऱ्या प्रस्तावातली उचल या दुसऱ्या जातीची होती. शिवाय करारात असे कलम होते की ब्रोकरने स्वतःहून फर्म सोडल्यास अंगावरची सर्व बाकी तीस दिवसांत भरावी. तिने हे कलम वाचले होते. वाचताना ते आपल्याला कधी लागू होईल असे मात्र तिला वाटले नव्हते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

पुढचे समजण्यासाठी एक सौदा सुटा करून पाहणे आवश्यक आहे. पाच वर्षांचा भाडेकरार झाला आणि त्यावर मालकाने एकूण ४० एकके दलाली देण्याचे ठरले असे समजा. मालकाच्या बाजूची फर्म वेगळी आणि भाडेकरूच्या बाजूची वेगळी असेल तर ही रक्कम दोन्ही बाजूंत विभागली जाते. इथे निम्मी धरू. आपल्या फर्मकडे आली २० एकके. फर्मने आपले निम्मे ठेवले. ब्रोकरांच्या वाट्याला १०. सौदा नव्या ब्रोकरने स्वतः आणलेला असेल तर तिचे ५, वरिष्ठांचा असेल तर तिचे २. म्हणजे मालकाने मोजलेल्या दलालीतला आठवा हिस्सा किंवा विसावा हिस्सा.

ही झाली रक्कम. वेळेचा हिशेब त्याहून कठोर असतो. निवासी घराच्या विक्रीत व्यवहार पूर्ण झाला की दलाली साधारणपणे एकदमच हाती येते. व्यावसायिक भाडेकरारात ती बहुतेकदा दोन हप्त्यांत येते: निम्मी करारावर सह्या झाल्यावर आणि निम्मी भाडेकरूने ताबा घेतल्यावर किंवा भाडे सुरू झाल्यावर. सह्या आणि ताबा यांच्यामध्ये जागेची अंतर्गत सजावट, विजेची जोडणी, परवानग्या असे बरेच काही असते, आणि यातले काहीही ब्रोकरच्या हातात नसते. त्यात दलाली मोजताना भाडेमाफीचे महिने वगळण्याची पद्धत असेल, तर भाडेकरूसाठी चांगली माफी मिळवून देणारा ब्रोकर त्या यशाबरोबरच आपली दलालीही थोडी कापून घेतो.

आणखी एक गोष्ट नवख्याला उशिरा उमगते. क्लायंटशी झालेला प्रतिनिधित्वाचा करार फर्मच्या नावाने असतो, ब्रोकरच्या नाही. दलालीही फर्मकडे येते आणि मग ब्रोकरला दिली जाते. ‘माझा क्लायंट’ हा शब्दप्रयोग या व्यवसायात दिवसातून शंभरदा कानावर येतो. कागदावर तो कुठेच नसतो.

पहिला निर्णय

तिचा ओढा प्रथम तिसऱ्या प्रस्तावाकडे होता, आणि त्याचे कारण केवळ सत्तर हा आकडा होता. वर दिलेल्या सौद्यात फर्मकडे आलेल्या २० एककांपैकी तिथे तिला १४ मिळाली असती, दुसऱ्या फर्ममध्ये ५. फरक जवळजवळ तिप्पट. पण दरमहा १ एकक घरखर्च आणि ०.२५ टेबलाचे भाडे धरले तर ८ एककांची बचत सातव्या महिन्यातच संपली असती, आणि नवख्याचा पहिला सौदा सातव्या महिन्याच्या आत होऊन त्याचे पैसेही हाती यावेत हे फार क्वचित घडते. जो वाटा घ्यायला आपण तोवर टिकणारच नाही, तो सत्तर टक्के असला काय आणि नव्वद असला काय.

पहिला प्रस्ताव तिने ज्या कारणासाठी नाकारला ते मला तेव्हाही पटले नव्हते. पगार घेऊन विश्लेषण करत बसले की क्लायंटशी संबंध येत नाही आणि तीन वर्षे वाया जातात, असे तिचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. पण वाटाघाटीला बसण्याआधी दोन-तीन वर्षे दुसऱ्यांचे सौदे आतून पाहणे ही कमी किमतीची गोष्ट नव्हे, आणि या काळात अंगावर काहीही चढत नाही. तिने दुसरा प्रस्ताव स्वीकारला. सही करताना वाटाघाट केली ती एकाच मुद्द्यावर, स्वतःच्या सौद्यातला वाटा ४५ वरून ५० टक्के करून घेण्यावर. उचल कशी वळती होईल, सौदा ‘कोणी आणला’ हे कसे ठरेल आणि सोडून जाताना अर्धवट सौद्यांचे काय होईल, या तीन प्रश्नांवर एक शब्दही बोलला गेला नाही.

पहिले चौदा महिने

पहिले तीन महिने परवाना, प्रशिक्षण आणि फोनच्या याद्या यांत गेले. चौथ्या महिन्यात वरिष्ठांनी तिला एका लहान कार्यालयीन इमारतीच्या विक्रीचे काम दिले: भाडेकरूंची माहिती गोळा करणे, उत्पन्नाचा तक्ता करणे, खरेदीदारांना इमारत दाखवणे. विक्री झाली असती तर वीस टक्क्यांनीही तिची निम्मी उचल फिटली असती. पण ते वर्ष २०२२ होते. मार्चपासून अमेरिकेच्या आणि जुलैपासून युरोपच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली, कर्जावर इमारती घेणाऱ्यांची गणिते ठिकठिकाणी बिघडली, आणि सप्टेंबरात, म्हणजे तिच्या नवव्या महिन्यात, आमचा खरेदीदारही मागे फिरला. सहा महिन्यांच्या कामाचे मोल शून्य झाले. यात कोणाची लबाडी नव्हती. दलालीत न झालेल्या सौद्याची मजुरी नसते, एवढेच.

त्याच महिन्यात वरिष्ठांच्या एका गोदामाच्या भाडेकराराचे नूतनीकरण झाले. नूतनीकरणाची दलाली नव्या करारापेक्षा कमी दराने होती. फर्मकडे १२ आली, ब्रोकरांकडे ६, त्यातली तिची १.२. ती दहाव्या महिन्यात जमा झाली. अकराव्या महिन्यात तिने स्वतः आणलेल्या पहिल्या भाडेकरारावर सह्या झाल्या. वरच्या उदाहरणातला सौदा तो हाच. तिच्या ५ एककांपैकी पहिला हप्ता २.५, बाराव्या महिन्यात आला.

त्या महिन्याचे पत्रक मला अजून आठवते. डावीकडे ‘जमा’ या रकान्यात २.५०. त्याखाली ‘उचलीपोटी वळते’, २.५०. त्याखाली दुहेरी रेघ आणि ‘देय’ या शब्दापुढे ०.००. वर्षभरानंतरच्या पहिल्या स्वतःच्या सौद्याचे पत्रक हातात घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि कुठे छपाईची चूक तर झाली नाही ना, असे तिने विचारले. चूक नव्हती. वर्षभरात १२ एकके उचल झाली होती, ३.७ वळती झाली होती आणि ८.३ तिच्या अंगावर होती.

माझी चूक त्याच पत्रकाच्या तळाशी होती. ‘अपेक्षित जमा’ या रकान्यात दुसऱ्या हप्त्यापुढे मी सोळावा महिना लिहिला होता. भाडेकरारात मात्र तारीखच नव्हती. ‘जागा वापरायोग्य झाल्यानंतर भाडे सुरू होईल’ असे वाक्य होते आणि सोळावा महिना हा मालकाच्या माणसाने फोनवर सांगितलेला अंदाज होता. तिने त्या आकड्यावर विसंबून घरचे बेत आखले. तो हप्ता एकोणिसाव्या महिन्यात आला.

पेच

आठव्या महिन्यात केलेल्या एका फोनमधून मोठा सौदा आकार घेत होता. एका कंपनीचा भाडेकरार दीड-दोन वर्षांत संपणार होता आणि तिला दुप्पट जागा हवी होती. फर्मच्या बाजूला ९० एकके दलाली येईल असा अंदाज होता. ब्रोकरांकडे ४५, सौदा तिचा धरला तर तिची २२.५, वरिष्ठांचा धरला तर ९. तेराव्या महिन्यात तिने विषय काढला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “अगं, आधी सौदा तर होऊ दे, वाट्याचं मग बघू. पण एवढ्या मोठ्या क्लायंटसमोर बोलणार मी, हे लक्षात ठेव.” त्यांच्या मते पहिला फोन करणे म्हणजे सौदा आणणे नव्हे, क्लायंटने प्रतिनिधित्वाच्या करारावर सही केली ती त्यांच्या बैठकीनंतर. तिच्या मते तो फोन झाला नसता तर बैठकच झाली नसती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, कारण ‘आणलेला सौदा’ म्हणजे काय हे करारात लिहिलेलेच नव्हते.

चौदाव्या महिन्यात वरिष्ठांनी तिला विश्वासात घेऊन सांगितले की ते दुसऱ्या फर्ममध्ये जात आहेत आणि तिनेही यावे. तिच्या अंगावर तेव्हा १०.३ एकके होती. उचल जेमतेम घरखर्चाएवढी असल्याने कर, विमा, परवाना आणि प्रवास यांचे दरमहा ०.२ बचतीतून जात होते, त्यामुळे ८ एककांची बचत ५.२ वर आली होती. उचलीचे चार महिने उरले होते.

विचारात घेतलेले पर्याय

वरिष्ठांबरोबर जाणे हा सर्वांत मोहक पर्याय होता. नवी फर्म तिची बाकी भरायला आणि नवी उचल सुरू करायला तयार होती. तिने कागद मागवून घेतला तेव्हा कळले की भरलेली रक्कम तिच्या नावे कर्ज म्हणून राहणार होती आणि ती दोन पूर्ण वर्षे टिकली तरच माफ होणार होती. शिवाय जुन्या करारानुसार सही झालेल्या सौद्याच्या उरलेल्या हप्त्यातला तिचा निम्मा वाटा बुडणार होता, म्हणजे २.५ ऐवजी १.२५. आणि सही न झालेल्या सौद्यात, फर्मने मान्य केलेल्या लेखी यादीत तो नसेल तर, तिला काहीच मिळणार नव्हते. मोठा क्लायंट फर्मचा होता आणि फर्मकडेच राहणार होता. एक उचल फेडण्यासाठी दुसरी उचल आणि मागे ठेवायची ती एकमेव मोठी आशा, असा तो व्यवहार होता.

पगारी नोकरीत परत जाणे हा दुसरा मार्ग. तिच्या जुन्या क्षेत्रात नोकरी मिळाली असती. पण तीस दिवसांत १०.३ भरायची तर बचतीतून निम्मीच भरली जात होती. उरलेल्यासाठी बाहेरून कर्ज काढावे लागले असते. पहिल्या दिवशी निरुपद्रवी वाटलेले कलम आता दाराला लावलेल्या कुलुपासारखे झाले होते.

तिसरा मार्ग राहण्याचा, पण आहे त्याच अटींवर नव्हे. वरिष्ठ गेल्यावर फर्मला तो मोठा क्लायंट टिकवायचा होता आणि त्या क्लायंटचे रोजचे बोलणे तिच्याशी होते. तिची बाजू बळकट असण्याचा काळ हाच, आणि तो काही आठवड्यांचाच होता.

एक नाजूक प्रश्न मध्येच होता: वरिष्ठांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट फर्मला आधी सांगायची का? तिने सांगितली नाही. दहा दिवसांनी त्यांनी स्वतः राजीनामा दिल्यावरच ती शाखाप्रमुखांकडे गेली. यामुळे तिलाही आधीपासून ठाऊक होते आणि तीही जाण्याच्या बेतात होती, असा संशय तिच्यावर आला. माझ्या मते तिने केले ते योग्य होते, पण त्याची किंमत तिला वाटाघाटीत मोजावी लागली.

प्रत्यक्ष कृती

ती एक पान घेऊन गेली. त्यात तक्रार नव्हती, चार मागण्या होत्या. मोठ्या सौद्यातला तिचा वाटा लेखी ठरावा. प्रत्येक जमेतून फक्त ६० टक्के उचलीपोटी वळते करून ४० टक्के तिच्या हाती द्यावेत. उचल चोविसाव्या महिन्यापर्यंत वाढवावी, रक्कम कमी केली तरी चालेल. आणि फर्मने तिला काढल्यास अंगावरची बाकी माफ व्हावी, तिने सोडल्यास निम्मी भरावी.

पहिल्या मागणीच्या पुष्ट्यर्थ तिच्याकडे फोनच्या नोंदवहीतली नोंद होती: तारीख, बोललेल्या अधिकाऱ्याचे पद, करार संपण्याचा महिना आणि ‘दुप्पट जागा लागेल, पुन्हा फोन करा’ हे त्या अधिकाऱ्याचेच वाक्य. त्यापुढे तिने केलेल्या सात फोनच्या तारखा. वरिष्ठांची पहिली बैठक या सगळ्याच्या तीन महिने नंतरची होती. नोंदी ठेवण्याची ही सवय तिला आधीच्या नोकरीने लावली होती. दलालीत तसे काटेकोर लिहिणारे मी फार थोडे पाहिले.

क्लायंटपुढे बोलण्यासाठी फर्मने दुसरे एक अनुभवी ब्रोकर नेमले. निम्म्या वाट्यावर यायला त्यांनी नकार दिला, आणि ते अन्यायाचे नव्हते, कारण उरलेली सारी वाटाघाट त्यांनाच करायची होती. शेवटी तिचे ४० टक्के, त्यांचे ६० टक्के असे लेखी ठरले. उचलीपोटी ६० टक्केच वळते करून ४० टक्के हाती देण्याची, म्हणजे साठ-चाळीसची, मागणी मान्य झाली. उचल पंधराव्या महिन्यापासून ०.७५ करून चोविसाव्या महिन्यापर्यंत वाढवली गेली. चौथ्या मागणीचा पहिला अर्धा भाग फर्मने मान्य केला, दुसरा नाही: स्वतःहून सोडल्यास पूर्ण बाकी भरावी लागणार होतीच. जाणाऱ्या वरिष्ठांनीही मोठ्या सौद्यावर हक्क सांगितला होता. फर्मने तो नाकारला, कारण प्रलंबित सौद्यांची यादी त्यांनीही कधी दिलेली नव्हती.

निष्पत्ती

सतराव्या महिन्यात दोन लहान नूतनीकरणे मिळून तिच्या वाट्याचे १.५ जमा झाले, एकोणिसाव्यात अडकलेला २.५ चा हप्ता. विसाव्या महिन्यात मोठ्या सौद्यावर सह्या झाल्या, पण क्लायंटने हात आखडता घेतला होता. दुपटीऐवजी थोडीच अधिक जागा घेतली. फर्मकडे ९० ऐवजी ६० एकके येणार होती, ब्रोकरांकडे ३०, तिच्याकडे १२. त्यातली ६ बाविसाव्या महिन्यात आली.

चोविसाव्या महिन्याअखेर मांडलेला ताळा असा होता. दोन वर्षांत तिने कमावलेली दलाली १३.७ एकके. तिच्या हाती प्रत्यक्ष पडलेले पैसे, उचल २१.५ आणि चाळीस टक्क्यांतून ४, मिळून २५.५. फरक ११.८, आणि तो तिच्या अंगावर. म्हणजे दोन वर्षे काम करून, फर्मच्या त्या वर्षीच्या ठळक सौद्यांपैकी एक आणूनही, ती हिशेबाने कर्जातच होती.

त्यानंतरचे तीन महिने सर्वांत कठीण गेले. उचल संपली होती आणि नवे काही जमा होत नव्हते. चोविसाव्या महिन्याअखेर ४.७ असलेली तिची बचत सत्ताविसाव्या महिन्याअखेर १.१ एकक उरली. अठ्ठाविसाव्या महिन्यात मोठ्या सौद्याचा दुसरा हप्ता आला; ६ मधून ३.६ वळते झाले, २.४ तिला मिळाले. साठ-चाळीसची अट नसती तर त्या महिन्यातही तिच्या पत्रकावर ०.०० आले असते आणि तिसाव्या महिन्यापर्यंत ती या व्यवसायात उरली असती असे मला वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी मोठ्या सौद्याचा हप्ता धरून तिने २७ एकके कमावली. तेहतिसाव्या महिन्यात उचल पूर्ण फिटली. वर्षभरात हाती आली १५.२.

छत्तीस महिन्यांची बेरीज होते ४०.७. पहिल्या प्रस्तावातला पगार बोनस न धरताही ४५ झाला असता. हा आकडा तिला दाखवला तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की चौथ्या वर्षात तिचे सह्या झालेल्या करारांचे ९ एककांचे हप्ते यायचे आहेत, ते या बेरजेत नाहीत, आणि तिला नावाने ओळखणारे जे क्लायंट झाले तेही त्यात धरलेले नाहीत. तेही खरे आहे. त्या ९ एककांवर आता उचलीचा बोजा नाही, आणि पगारी वाटेने गेली असती तर छत्तिसाव्या महिन्यात ती पहिला फोन करत असती.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या दिवशीच हुकली. ४५ चे ५० टक्के करून घेण्यात तिने जी ताकद खर्च केली तिचा तीन वर्षांतला लाभ मोजला तर तो एका एककाच्या आसपास भरतो. साठ-चाळीसची अट तेव्हाच मागितली असती तर फर्मला एकूण काहीच कमी मिळाले नसते, पैसे थोडे उशिरा वळते झाले असते एवढेच. अशा मागणीला होकार मिळणे टक्का वाढवून घेण्याहून सोपे असते. चौदाव्या महिन्यात तिला ती मिळाली खरी, पण एका वरिष्ठाच्या राजीनाम्याने दिलेल्या निमित्तावर.

दुसरे, सौदा कोणी आणला हा प्रश्न सौदा लहान असताना सोडवायचा असतो. आठव्या महिन्यातल्या फोननंतर लगेच, रकमेचा अंदाजही नसताना, तिने वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल केला असता, की हा क्लायंट माझ्या फोनमधून आला आहे, वाटा निम्मा धरू या, तर त्यांनी बहुधा विचार न करता ‘ठीक आहे’ लिहिले असते. नव्वदचा आकडा समोर आल्यावर तेवढाच ईमेल भांडणाचा कागद होतो.

बचतीबाबत तिचा अंदाज आठ एककांत भागेल असा होता, आणि भागले, पण जेमतेम १.१ च्या अंतराने. उचल घरखर्चाएवढी असली की नवखा बचतीला हात लावावा लागणार नाही असे समजतो. कर, विमा आणि प्रवास यांचे ०.२ प्रतिमहिना तिने धरलेच नव्हते. उचल सुरू असूनही वर्षभराचा पूर्ण खर्च बाजूला असावा, असे मी आता विचारणाऱ्यांना सांगतो.

इमारतीच्या विक्रीत गेलेल्या सहा महिन्यांबद्दल मतभेद होऊ शकतो. वरिष्ठांनी दिलेले काम नाकारणे नवख्याला शक्य नसते. पण जून-जुलैत खरेदीदाराच्या बँकेने अटी दुसऱ्यांदा बदलल्या तेव्हा आठवड्यातले दोन दिवस तरी स्वतःच्या फोनसाठी मागून घेता आले असते. मोठा क्लायंट ज्या फोनमधून मिळाला तो तिने त्या काळात एका शनिवारी केला होता, हे विसरता येत नाही.

फर्मच्या बाजूनेही काही बदलले. अपेक्षित जमेच्या रकान्यात आता महिना लिहिला जात नाही. भाडेकरारातले कलम जसेच्या तसे उतरवले जाते आणि त्याखाली शेवटची चौकशी कोणत्या तारखेला केली ते. प्रलंबित सौद्यांची यादी प्रत्येक ब्रोकरकडून तिमाहीला मागितली जाते. पहिल्या तिमाहीत तिघांनीच ती दिली. तिची यादी सर्वांत आधी आली होती, अकरा नावांची, प्रत्येक नावापुढे पहिल्या फोनची तारीख असलेली.